जुन्या सामानातून गावाकडचं घर: काय वापरायचं, काय टाळायचं आणि पैसे खरंच वाचतात का?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत सध्या एक गोष्ट घडतेय. जुनं कौलारू घर किंवा वाडा पाडायला जेसीबी येतो आणि दोन दिवसांत जागा मोकळी होते. सागवानी खांब आणि दारं जुन्या लाकडाचा व्यापारी एकरकमी उचलतो. उरलेल्या विटा, दगड, कौलं राडारोडा म्हणून कुठल्यातरी खड्ड्यात जातात. त्याच गावात दोन घरं पलीकडे कुणीतरी नव्या विटांसाठी आणि नव्या दारांसाठी कर्ज काढत असतं.

या जुन्या सामानातून घर उभं करण्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर भरपूर फिरतात. घरं सुंदर दिसतात आणि खर्चाचा आकडाही मोहात पाडणारा असतो. पण कोणती जुनी वस्तू घराचा भार पेलू शकते आणि कोणती घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते, हे व्हिडिओत क्वचितच सांगितलं जातं. तेच इथे समजून घेऊया.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. पूर्वी गावात घर पडलं की त्याचे वासे गोठ्याला लागायचे, दगड नव्या जोत्यात जायचे आणि फुटकी कौलं अंगणात पसरली जायची. मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातल्या अनेक गावांत जुन्या गढ्यांची पांढरी माती खणून लोकांनी आपल्या भिंती आणि धाबी उभी केली.

या विचाराला वास्तुकलेत मान मिळवून दिला तो लॉरी बेकर यांनी. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जन्मलेले बेकर भारतात आले आणि इथलेच झाले. घरासाठी लागणारं सामान आसपासच्या पाच मैलांत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. तिरुअनंतपुरममधलं त्यांचं स्वतःचं घर असो किंवा त्यांनी केरळात बांधलेली शेकडो घरं, जुनी दारं, खिडक्या आणि टाकाऊ कौलं त्यांनी बिनदिक्कत वापरली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण बेकर भंगारातून काहीही उचलत नव्हते. प्रत्येक वस्तू कुठे शोभेल यापेक्षा ती कुठे टिकेल, हा त्यांचा हिशेब असायचा. जुन्या सामानाच्या घराचं सगळं यश याच हिशेबावर अवलंबून आहे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम कोणता?

जी वस्तू उद्या बिघडली तर डोळ्यांना दिसेल आणि बदलता येईल, ती जुनी चालते. जी भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये एकदा गाडली की पुन्हा दिसणार नाही, ती नवीनच घ्यायची.

दार, खिडकी, फरशी, कौल, कपाट, जिन्याचा कठडा हे सगळं पहिल्या गटात येतं. कॉलम आणि स्लॅबमधल्या सळ्या, सिमेंट, भिंतीत जाणारी विजेची वायर आणि पाण्याचे दडलेले पाइप दुसऱ्या गटात येतात. भार घेणारी वीट, दगड आणि लाकूड मधल्या गटात आहेत. ते तपासल्याशिवाय घ्यायचं नाही.

विटा आणि चिरे कसे तपासायचे?

पहिला प्रश्न विचारा: भिंत कशात बांधलेली होती? माती किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या विटा सहज सुट्या होतात, हातोडीच्या हलक्या ठोक्याने साफ होतात. सिमेंटच्या भिंतीत मसाला विटेपेक्षा घट्ट धरून बसतो, त्यामुळे सोडवताना वीटच फुटते. म्हणून जुन्या वाड्याच्या विटा मिळाल्या तर फायदा, वीस वर्षांपूर्वीच्या बंगल्याच्या मिळाल्या तर बहुतेक भराव.

विटेच्या सोप्या चाचण्या अशा:

- दोन विटा एकमेकींवर ठोकल्या की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर वीट कच्ची आहे.
- साधारण एक मीटर उंचीवरून सोडलेली वीट फुटायला नको.
- वीट कोरडी असताना वजन करा. मग २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा करा. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढायला नको. म्हणजे ३ किलोची वीट भिजल्यावर ३.६ किलोच्या आत राहायला हवी.
- लोणा लागलेल्या, म्हणजे पांढरी खार फुटून पोपडे सुटणाऱ्या विटा भिंतीत घेऊ नका. ती खार नव्या गिलाव्यालाही सोडत नाही.

कोकणात विटेच्या जागी जांभा दगडाचे चिरे असतात. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होत जातो. त्यामुळे जुन्या भिंतीतला निरोगी चिरा कमअस्सल नसतो. फक्त आत मातीचे मोठे कप्पे असलेले, कोपरे झडलेले आणि जमिनीलगत कायम ओल धरलेले चिरे बाजूला काढा. ते कुंपणाला किंवा पायवाटेला चालतात.

अर्ध्या विटा, दगडांचे तुकडे आणि फुटलेलं काँक्रीट जोत्याच्या भरावात जाऊ शकतं. मात्र लाकडाचे तुकडे, प्लास्टिक आणि पालापाचोळा त्यातून निवडून काढायला हवा. लाकूड आत राहिलं तर वाळवीला आमंत्रण मिळतं आणि ते कुजलं की फरशी खचते. भराव साधारण सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसाने चोपावा.

कौलं घेताना काय बघायचं?

आपण ज्यांना मंगळुरी कौलं म्हणतो, त्यांची सुरुवात १८६५ मध्ये मंगळूरला झाली. बाझेल मिशन या संस्थेने तिथे कौलांचा कारखाना काढला. पुढे असे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाने आपलं नाव किंवा चिन्ह कौलावर उमटवलं.

हे चिन्ह आज कामाला येतं. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसतीलच असं नाही. दोन घरांची कौलं मिसळून छप्पर घातलं तर पहिल्याच पावसात गळती लागते. एकाच शिक्क्याची कौलं एका उतारावर लावा.

एक चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात आणि एकाचं वजन दोन ते अडीच किलो असतं. ५०० चौरस फुटांच्या छपराला म्हणजे सुमारे ७०० कौलं, दीड टनाच्या आसपास वजन. हा भार पेलणारे वासे आणि भिंती हव्यात. वाहतुकीत आणि चढवताना काही फुटतातच, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. ती पुढे दुरुस्तीलाही उपयोगी पडतात.

रिपा ठोकण्याआधी हातातली कौलं जमिनीवर एकात एक अडकवून बघा आणि त्यावरून रिपांमधलं अंतर ठरवा. दुसऱ्याच्या घराचं माप वापरू नका.

फुटकी कौलंही वाया जात नाहीत. बेकर यांनी 'फिलर स्लॅब' केरळात रूढ केला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ते काम सळ्या करतात. म्हणून सळ्यांच्या मधल्या चौकोनांत टाकाऊ कौलं ठेवून तेवढं काँक्रीट वाचवलं जातं. स्लॅब हलका होतो आणि खालून कौलांची नक्षीही दिसते. मात्र सळ्यांमधलं अंतर आणि स्लॅबची जाडी इंजिनिअरनेच ठरवायला हवी.

जुनं लाकूड: सोनं की भुसा?

जुन्या सागवानाची ख्याती खोटी नाही. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड नव्यासारखं फिरत किंवा वाकत नाही. पण बाहेरून चकचकीत दिसणारी तुळई आतून पोकळ असू शकते.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात जोरात दाबून बघा. टोक सहज आत गेलं तर तिथे कूज आहे. हातोडीने टोकत जा, आवाज पोकळ झाला की समजा आत वाळवी फिरून गेली आहे. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा अजून जिवंत आहे.

तुळईची टोकं विशेष बघा. भिंतीत गेलेला भाग ओल धरतो आणि तिथून कूज सुरू होते. टोकं कापल्यावर बारा फुटांच्या तुळईतून दहा फुटांचं चांगलं लाकूड मिळालं, तर खोलीची रुंदी दहा फुटांपेक्षा कमीच धरावी लागते, कारण दोन्ही टोकं भिंतीवर टेकायला हवीत.

दारं घेताना उंची मोजा. जुन्या घरांची दारं बुटकी असतात. ती ओटीवर किंवा देवघराला शोभतात, पण घरात म्हातारं माणूस असेल आणि उद्या खाट किंवा व्हीलचेअर न्यायची वेळ आली तर अरुंद दार रोज त्रास देतं.

फरशी आणि पत्र्याचं काय?

शहाबादी फरशी आणि कडप्पा हे जुन्या घरातलं सर्वात बिनधोक सामान. तडा नसेल तर घासून, पॉलिश करून ती पुन्हा वापरता येते. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, म्हणून ती साफ करायला ॲसिड वापरू नका. ॲसिडने पृष्ठभागच खाल्ला जातो.

लोखंडी पत्रा उन्हाकडे धरा. प्रकाशाचे ठिपके दिसले तर तो छपराला नको, गोठ्याच्या आडोशाला चालेल. जुना पत्रा लावताना खिळ्यांची भोकं पन्हळीच्या वरच्या भागावर येतील असं बघा. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथलं भोक हमखास गळतं.

या वस्तू फुकट मिळाल्या तरी नको

*जुने सिमेंटचे पत्रे.* यातल्या बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत असताना धोका कमी असतो. तो कापला, फोडला किंवा भोकं पाडली की सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात जातात. त्यातून होणारा कॅन्सर अनेक वर्षांनी दिसतो. सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस कॅन्सरला कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या घरावर आधीपासून असे पत्रे असतील तर ते फोडू नका, घासू नका. उतरवायचेच असतील तर पाणी मारून ओले करून, अख्खे उतरवा.

*जुन्या रंगाची दारं कोरडी घासणं.* नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त असायला बंदी आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते असू शकतं. असं दार कोरड्या पॉलिश पेपरने घासलं तर शिशाची धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. रंग ओला करून खरवडा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला तिथून दूर ठेवा. खरवडलेला रंग चुलीत जाळू नका. रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्याही चुलीत नकोत.

*वाकवून सरळ केलेल्या सळ्या.* काँक्रीट फोडून काढलेली सळई एकदा वाकलेली, मग सरळ केलेली असते. त्या जागी ती कमजोर होते आणि गंजाने तिची जाडीही घटलेली असते. स्लॅब, बीम, कॉलममध्ये ती घालू नका. भाजीच्या मांडवाला किंवा कुंपणाला चालते.

*जुनी वायर आणि स्विच.* वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. ओल्या भिंतीत अशी वायर म्हणजे शॉक लागण्याची तयारी. वायरिंग नवीन, अर्थिंगसह आणि गळती झाल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचसह करा.

किल्लारी आणि निसर्ग वादळाने काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथली घरं जाडजूड दगडी भिंतींची होती. पण भिंती मातीत रचलेल्या होत्या, बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना बांधलेला नव्हता आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं होतं. हादरा बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं.

यातला धडा असा की सामान मजबूत असून भागत नाही, ते एकमेकांना बांधलेलं हवं. जुन्या दगडांनी भिंत बांधताना ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावेत. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली घरभर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा. या पट्ट्यात नव्या सळ्या आणि नवं सिमेंट वापरा. छप्पर शक्य तितकं हलकं ठेवा.

हलक्या छपराचा दुसरा धोका कोकणाला ३ जून २०२० रोजी दिसला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगड, रत्नागिरीतल्या असंख्य घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, वर उचलतो. त्यामुळे पत्रा वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीतल्या पट्ट्याला, अशी पक्की साखळी हवी. पत्रे जुने चालतील, पण ते धरून ठेवणारे बोल्ट, वॉशर आणि लोखंडी पट्ट्या नव्या घ्या.

घरकुल योजनेतून बांधणाऱ्यांनी काय करावं?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) नियमांनुसार घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. केंद्राच्या निकषानुसार मूळ मदत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहे. एवढ्या पैशांत जुनी दारं, फरशी किंवा विटा मिळाल्या तर मोठा आधार होतो. घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, कंत्राटदार नेमता येत नाही, त्यामुळे सामान निवडण्याची मुभाही त्याच्याकडे असते. पण हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. म्हणून भिंती आणि छपरासाठी जुनं सामान वापरायचं असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याला आधी दाखवा.

पैसे खरंच वाचतात का?

वाचतात, पण वस्तूच्या किमतीत दिसतात तेवढे नाही. जुनी वीट स्वस्त मिळते, मग ती साफ करायला मजूर लागतो. कौलं फुकट मिळतात, मग ती एकेक उतरवायला आणि टेम्पोने आणायला पैसे जातात. गवंडी आणि सुताराचा वेळही जास्त लागतो, कारण कुठलीच दोन मापं सारखी नसतात.

त्यामुळे सौदा करण्याआधी पाच खर्च लिहून काढा: खरेदी, उतरवण्याची मजुरी, वाहतूक, साफसफाई आणि फूटतूट. बेरीज नव्या वस्तूच्या जवळ जात असेल तर सोडून द्या. घरची माणसं स्वतः राबणार असतील आणि सामान त्याच गावातलं असेल, तेव्हा हे गणित सगळ्यात चांगलं जमतं. मुंबई-पुण्याहून एक दार आणायला वेगळी गाडी केली, तर बचत टोलनाक्यावरच संपते.

तरीही शहरात शोधायचं असेल तर मुंबईत जोगेश्वरी-ओशिवराचा जुन्या फर्निचरचा बाजार आणि पुण्यातला जुना बाजार लोकांना माहीत आहेत. गावात मात्र सुतार, गवंडी आणि जेसीबीवाला हीच खरी माहितीची जागा. कुठलं घर कधी पडणार, हे त्यांना आधी कळतं.

कागदपत्रांत कुठे अडकायला होतं?

पडीक घर म्हणजे बेवारस घर नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये अनेकदा आजोबांचं नाव असतं आणि वारस चार गावांत विखुरलेले असतात. एका भावाने दिलेल्या होकारावर दारं-खांब उचलले आणि दुसऱ्याने तक्रार केली, तर स्वस्तातलं सामान पोलीस ठाण्यापर्यंत नेतं. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आणि विक्रीची पावती घ्या.

सागवान एका गावाहून दुसरीकडे नेताना वन विभागाच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न येऊ शकतो. गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. घराचे पाडण्यापूर्वीचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला सोबत ठेवा.

आहे तेच घर सुधारायचं असेल तर?

मग क्रम पाळा. आधी छपराची गळती थांबवा. नंतर पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर जाईल अशी गटारी करा. मग भिंतींच्या भेगा आणि जोतं बघा. रंग, फरशी, ओटा सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात आणि नवी फरशी दोन पावसाळ्यांत उखडते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आतली माती भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. माती किंवा चुन्याचा लेपच तिथे टिकतो.

थोडक्यात

- आधी सामान जमवा, मोजा, मग नकाशा काढा.
- सामान जमिनीपासून उंचावर, झाकून ठेवा. एका पावसाळ्यात चांगलं लाकूड खराब होतं.
- भार घेणारी प्रत्येक जुनी वस्तू जाणत्या सुताराला, गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा.
- सळ्या, सिमेंट, वायर, बोल्ट नवीन घ्या.
- जुने सिमेंटचे पत्रे आणि जुना रंग यांच्या धुळीपासून लांब राहा.
- पावती आणि संमतीपत्र जपून ठेवा.

जुन्या दारावर वाचलेल्या पैशांतून नवं सिमेंट आणि चांगल्या सळ्या घेतल्या, तर हे घर स्वस्तही होतं आणि सुरक्षितही. सळ्यांवर पैसे वाचवून कोरीव दार घेतलं, तर घर फोटोत चांगलं दिसेल, पण त्यात झोपणाऱ्यांची काळजी मिटणार नाही.